रुपयांची रक्कम संगणकाला लिहायला शिकवूया : स्वल्पविराम, पैसे आणि स्थानिक किंमत



आजचा पाठ वरवर पाहता संगणकाचा आहे, पण खरं तर तो गणिताचाच आहे. एखादी संख्या आपण संगणकाला दिली, समजा १२३४५६७.५, तर ती ‘₹१२,३४,५६७.५०’ अशी सुबक कशी लिहून घ्यायची? प्रोग्रॅम लिहिणारे याला चलनाचं फॉरमॅटिंग म्हणतात. आपण साध्या मराठीत ‘रक्कम मांडणं’ म्हणू.

पाचवी ते आठवीच्या मुलांना हा पाठ घेता येतो. पहिल्या दोन तासिकांना संगणक लागत नाही. शाळेत एकच संगणक असेल किंवा नुसता मोबाइल असेल तरी चालेल.

हा पाठ का घ्यायचा?

मुलांना सात अंकी संख्या वाचायला सांगा. फळ्यावर १२३४५६७ असं सलग लिहा. बरीच मुलं बोटाने उजवीकडून ‘एकक, दशक, शतक’ मोजत जातात, मध्येच अडखळतात, पुन्हा मोजतात. आता तीच संख्या १२,३४,५६७ अशी लिहा. ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट’ असं उत्तर लगेच येतं. संख्येत काहीच बदललं नाही, फक्त दोन स्वल्पविराम आले.

पैशाच्या व्यवहारात हे स्वल्पविराम फार महत्त्वाचे असतात. कर्जाचा कागद, बँकेचा मेसेज, शिष्यवृत्तीची यादी, जमिनीचा व्यवहार, सगळीकडे एक शून्य कमी-जास्त वाचलं गेलं तर दहापट फरक पडतो. घरात शिकलेलं पोरगं एकच असेल तर कागद वाचायला त्याच्याच हातात दिला जातो. ‘बाळा, किती लिहिलंय बघ’ असं आजी विचारते तेव्हा त्या मुलाला रक्कम बिनचूक वाचता आली पाहिजे. या पाठाचं खरं उद्दिष्ट ते आहे.

आपली पद्धत आणि बाहेरची पद्धत

आपण उजवीकडून आधी तीन अंक सोडतो आणि मग दोन-दोन अंकांचे गट करतो. याचं कारण आपल्या संख्यानामांत आहे. हजारानंतर आपल्याकडे शंभर हजारांचा लाख होतो, शंभर लाखांची कोटी होते, शंभर कोटींचा अब्ज होतो. प्रत्येक पायरी शंभराची, म्हणजे दोन शून्यांची. म्हणून गट दोनाचे.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये हजारानंतरची पायरी हजाराची असते. हजार हजारांचा एक मिलियन, हजार मिलियनचा एक बिलियन. म्हणून त्यांचे गट तीन-तीनचे : १,२३४,५६७.

मुलांना हा तक्ता वहीत उतरवायला सांगा :

- १ मिलियन = १० लाख (यालाच दशलक्ष म्हणतात)
- १० मिलियन = १ कोटी
- १ बिलियन = १०० कोटी = १ अब्ज

जर्मनीत तर आणखी गंमत आहे. तिथे गटासाठी टिंब वापरतात आणि दशांश चिन्हासाठी स्वल्पविराम. आपले १,२३४.५० तिथे १.२३४,५० असे लिहिले जातात. म्हणजे ‘१.५००’ असं जर्मन किमतीवर दिसलं तर ते दीड नव्हे, दीड हजार. लाख-कोटीची पद्धत मात्र फक्त आपली नाही. नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानातही ती चालते.

संगणकाच्या बहुतेक भाषा तिकडे तयार झाल्या. त्यामुळे त्यांना न सांगता सोडलं तर त्या तीन-तीनचेच गट करतात. पायथॉन या भाषेत संख्या लिहिताना कोलनपुढे नुसता स्वल्पविराम दिला की गट पाडून मिळतात. पायथॉनच्या ३.१ या आवृत्तीपासून ही सोय आहे. पण उत्तर येतं १,२३४,५६७. आपल्या पोरांना ते ‘एक… दोनशे…’ असं वाचावं लागतं आणि गोंधळ सुरू होतो. म्हणूनच आपला नियम आपणच संगणकाला शिकवायचा.

पहिली तासिका : अंकांची रांग

साहित्य : ० ते ९ अंकांची पुठ्ठ्याची कार्डं, तीन-चार लाल रुमाल.

सात मुलांना १ ते ७ अंकांची कार्डं देऊन वर्गासमोर रांगेत उभं करा. बाकीच्या मुलांतून दोघांना लाल रुमाल द्या. ते झाले स्वल्पविराम. त्यांना योग्य जागी जाऊन बसायला सांगा.

पहिल्या प्रयत्नात एखादा गट हमखास डावीकडून मोजतो. १२,३४५,६७ किंवा १२३,४५,६७ अशा रांगा तयार होतात. लगेच दुरुस्त करू नका. वर्गाला विचारा, ‘हे वाचून दाखवा बरं.’ वाचताना मुलं स्वतःच थांबतात. मग चर्चा करा की आपण संख्या वाचतो डावीकडून, पण तिचे गट पाडतो उजवीकडून, कारण एककाचं घर उजवीकडे आहे आणि तेच एक घर नक्की ठाऊक असतं.

आता एकेक मूल कमी-जास्त करा. चार अंक, पाच अंक, सहा अंक, आठ अंक. दर वेळी किती रुमाल लागले ते फळ्यावर लिहा :

- ३ अंक : ० स्वल्पविराम
- ४ किंवा ५ अंक : १
- ६ किंवा ७ अंक : २
- ८ किंवा ९ अंक : ३

सातवी-आठवीच्या मुलांना यातला नियम शोधायला द्या. तीनपेक्षा जास्त अंक असतील तर अंकांच्या संख्येतून ३ वजा करा, २ ने भागा, अपूर्णांक आला तर पुढची पूर्ण संख्या घ्या. मुलांनी हे स्वतः शोधलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

दुसरी तासिका : पायऱ्या लिहूया

संगणकाला ‘योग्य जागी स्वल्पविराम दे’ असं सांगून चालत नाही. योग्य जागा म्हणजे कोणती, ते एकेक पायरीने सांगावं लागतं. खाली मी पायऱ्या मराठीतच देत आहे. भाषा कोणतीही असली तरी पायऱ्या याच राहतात. पायथॉनमध्ये उतरवायला दहा-बारा ओळी पुरतात.

उदाहरण घेऊया १२३४५६७ रुपये ५० पैसे.

पायरी १ : रक्कम पैशांत घ्या. म्हणजे १२३४५६७५० पैसे. (असं का, ते पुढे येईल.)

पायरी २ : रक्कम शून्यापेक्षा कमी असेल तर वजाचं चिन्ह आठवणीत ठेवा आणि पुढचं काम धन संख्येवर करा.

पायरी ३ : १०० ने भागा. भागाकार म्हणजे रुपये, १२३४५६७. बाकी म्हणजे पैसे, ५०.

पायरी ४ : रुपयांची संख्या आता अक्षरांसारखी, म्हणजे अंकांची माळ म्हणून घ्या. माळेत तीन किंवा कमी अंक असतील तर स्वल्पविराम नको, थेट पायरी ८ वर जा.

पायरी ५ : माळेचे शेवटचे तीन अंक तोडा. ही झाली ‘शेपूट’, ५६७. उरलं ते ‘डोकं’, १२३४.

पायरी ६ : डोक्यात दोनपेक्षा जास्त अंक आहेत तोवर त्याचे शेवटचे दोन अंक तोडा आणि स्वल्पविराम देऊन शेपटीच्या आधी जोडा. इथे ३४ तुटले, शेपूट झाली ३४,५६७ आणि डोकं राहिलं १२. आता डोक्यात दोनच अंक आहेत, म्हणून थांबा.

पायरी ७ : डोकं, स्वल्पविराम, शेपूट असं जोडा. १२,३४,५६७.

पायरी ८ : पैसे दोन अंकी करा. ५ पैसे असतील तर ०५ लिहा. मध्ये टिंब देऊन रुपयांना जोडा.

पायरी ९ : सुरुवातीला ₹ लावा. वजाचं चिन्ह आठवणीत असेल तर त्याच्याही आधी ते लावा.

झालं! ₹१२,३४,५६७.५०.

पायरी २ मुलांना उगाचच वाटते. ती का हवी, हे दाखवायला वजा १५० पैसे घ्या. पायथॉनमध्ये वजा १५० ला १०० ने पूर्णांकात भागलं तर भागाकार वजा २ आणि बाकी ५० येते, कारण तो नेहमी लहान संख्येकडे झुकतो. गणित म्हणून ते बरोबरच आहे, वजा २०० अधिक ५० म्हणजे वजा १५०. पण तसंच छापलं तर वजा दीड रुपयाऐवजी वजा अडीच रुपये दिसतील!

पायरी ८ चंही तसंच. ‘५ रुपये ५ पैसे’ दशांशात लिहायला सांगा. ५.५ लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. ५.५ म्हणजे साडेपाच, ५ रुपये ५० पैसे. हवं ते ५.०५. इथे जुन्या आण्यांची गोष्ट जरूर सांगा. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्याकडे रुपयाचे १६ आणे होते. तेव्हाचे ‘५ रुपये ८ आणे’ म्हणजे साडेपाच रुपये. ते ५.०८ असं लिहिता आलं नसतं. रुपयाचे १०० पैसे झाले आणि तेव्हापासून दशांश चिन्ह पैशाला नीट बसलं. पण त्यासाठी टिंबानंतर दोन घरं भरलीच पाहिजेत.

रक्कम पैशांत का ठेवायची?

हा भाग थोडा खोल आहे, पण मोठ्या मुलांना आवडतो. बहुतेक भाषांत संगणक दशांश अपूर्णांक दोनच अंकांच्या, म्हणजे ० आणि १ च्या पद्धतीत साठवतो. आपल्याला १ ला ३ ने भागल्यावर ०.३३३… असं न संपणारं उत्तर येतं ना, तसंच त्या पद्धतीत ०.१ ही संख्या कधीच पूर्ण लिहून होत नाही. संगणक तिला कुठेतरी तोडतो. म्हणून पायथॉनला किंवा जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ किती असं विचारलं तर उत्तर नुसतं ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्यं आणि मग एक ४ दिसतो. चूक इवलीशी आहे, पण हजारो व्यवहारांच्या बेरजेत ती वाढू शकते. पैशांत हिशेब केला की सगळ्या पूर्ण संख्या. १० पैसे अधिक २० पैसे म्हणजे ३० पैसे, वाद नाही.

याला जोडून एक छान प्रश्न : १०० रुपये तिघांत सारखे वाटा. मुलं ३३.३३ लिहितात. तिघांची बेरीज करायला सांगा. ९९.९९! एक पैसा कुठे गेला? पैशांत केलं तर कळतं की १०००० ला ३ ने भागून ३३३३ आणि बाकी १. तो एक पैसा कुणाला तरी द्यावाच लागेल. कुणाला, हे संगणक ठरवत नाही, माणसाने ठरवायचं असतं.

पूर्णांकात बदलण्याचा नियमही बघून घ्या. शाळेत आपण अर्धा आला की वर जातो, २.५ चे ३. पायथॉन ३ मात्र बरोबर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जातो. २.५ चे २ आणि ३.५ चे ४. मुलाने ‘बाई, संगणक चुकला’ म्हटलं तर तो चुकलेला नाही, त्याचा नियम वेगळा आहे एवढं सांगा.

सर्वांत महत्त्वाचं : संख्या वेगळी, तिचं दिसणं वेगळं

पाठातून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. स्वल्पविराम आणि ₹ लावल्यावर जे तयार होतं ती संख्या उरत नाही, तो मजकूर होतो. मजकुराची बेरीज होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘१,२००’ आणि ‘३००’ या दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं तर १,५०० येत नाहीत, ते एकापुढे एक चिकटून ‘१,२००३००’ होतं. मजकूर म्हणून चढता क्रम लावला तर १००० हे ९०० च्या आधी येतं, कारण शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघितलं जातं.

हे फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागू नाही, आपल्यालाही आहे. आपण शाळेचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. सवयीने रकमेपुढे ‘/-’ लावतो. समजा एका रकान्यात १२००, ८५०, ५००/- आणि २३०० असं भरलं. खरी बेरीज ४८५०. पण एक्सेलचं बेरजेचं सूत्र ४३५० दाखवेल, कारण ‘५००/-’ हा त्याच्या दृष्टीने मजकूर आहे आणि मजकूर ते गुपचूप सोडून देतं. चूक झाली असा इशाराही देत नाही. ‘रु. ५००’ असं टाइप केलं तरी तेच.

ओळखायची खूण सोपी आहे. आपण काही बदल केलेला नसेल तर एक्सेलमध्ये संख्या घराच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या कडेला. रकान्यात एखादी रक्कम डावीकडे सरकलेली दिसली की तिथे बघा. नियम असा की घरात नुसता आकडा भरायचा. रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम, दोन दशांश स्थळं हे सगळं ‘फॉरमॅट सेल्स’ मधून द्यायचं. तिथे फक्त दिसणं बदलतं, आतली संख्या तशीच राहते. गट तीन-तीनचे पडत असतील तर संगणकाच्या सेटिंगमधला प्रदेश भारत आहे का ते तपासा.

‘/-’ ची पद्धत वाईट नाही बरं का. कागदावर ती रकमेपुढे कुणी आणखी अंक घालू नये म्हणून आली. चेकवर अक्षरी रक्कम लिहून शेवटी ‘फक्त’ लिहितो, तेही त्याचसाठी. कागदावर ती हवीच. संगणकाच्या घरात नको.

मराठी अंकांचं काय?

मुलं हा प्रश्न विचारतातच. पायथॉनला मराठी अंकांतला मजकूर ‘१२३’ देऊन त्याची संख्या करायला सांगितलं तर तो ती बरोबर करतो. जावास्क्रिप्ट मात्र ‘ही संख्या नाही’ असं उत्तर देतं. उलट बाजूने, म्हणजे दाखवताना, जावास्क्रिप्ट पुढे आहे. त्यात रक्कम मांडण्याची तयार सोय आहे. भाषा मराठी, देश भारत आणि चलन रुपया असं सांगितलं की ती रक्कम थेट देवनागरी अंकांत देते. भाषा इंग्रजी आणि देश भारत सांगितला तर गट आपले, अंक इंग्रजी.

मग आपण एवढ्या पायऱ्या का लिहिल्या? खऱ्या कामात तयार सोयच वापरायची, ती जास्त तपासलेली असते. पायऱ्या लिहायच्या त्या शिकण्यासाठी. पाढे पाठ असले तरी गुणाकार म्हणजे काय ते एकदा मण्यांनी समजून घेतो, तसंच हे.

₹ या चिन्हाबद्दलही दोन वाक्यं सांगा. देवनागरी र आणि रोमन आर यांचा मेळ घालून डी. उदय कुमार यांनी ते तयार केलं आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारलं. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं, म्हणून आज मोबाइलवरही उमटतं.

सराव : प्रोग्रॅमची परीक्षा

प्रोग्रॅम एका उदाहरणावर चालला म्हणजे बरोबर झाला असं नाही. तो कडेच्या संख्यांवर फसतो. खालच्या सगळ्या रकमा (पैशांत) देऊन बघा. संगणक नसेल तर एक मूल ‘संगणक’ होऊन वर दिलेल्या नऊ पायऱ्या जशाच्या तशा पाळेल.

- ० → ₹०.००
- ५ → ₹०.०५
- ९९९०० → ₹९९९.००
- १००००० → ₹१,०००.००
- ९९९९९०० → ₹९९,९९९.००
- १००००००० → ₹१,००,०००.००
- १०००००५०० → ₹१०,००,००५.००
- १००००००००० → ₹१,००,००,०००.००
- वजा १५० → -₹१.५०

सातवं उदाहरण ‘दहा लाख पाच’ आहे. मधली शून्यं खाणारी मुलं इथे सापडतात.

पालकांसाठी

घरी एवढंच करा. विजेचं बिल, किराण्याची पावती, वर्तमानपत्रातली अर्थसंकल्पाची बातमी यातली एक रक्कम रोज मुलाकडून वाचून घ्या. नंतर तीच अक्षरी लिहायला सांगा. बातमीत ‘मिलियन’ दिसलं तर त्याचे लाख किती ते विचारा. मुलाला उत्तर आलं नाही तर सांगून टाकू नका, कागदावर अंक लिहून उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन असे गट पाडायला लावा. पंधरा दिवसांत फरक जाणवेल.

वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणत्या संख्येवर कसा विचार केला ते नक्की कळवा. त्यावरून सराव आणखी वाढवता येईल.